खलनायकाचे आडनाव

एके काळी महाराष्ट्रातल्या अनेक घरांत शाळेची सुटी आणि 'इंद्रजाल कॉमिक्स' यांची सांगड पक्की होती. 'टाइम्स ऑफ इंडिया' प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये ही चित्रकथामाला सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. इंग्रजी-हिंदीबरोबर ती मराठीतही निघत असे. अंगासरशी बसलेला वेश, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी असा तो 'वेताळ' तेव्हाच्या मुलांना घरच्या माणसाइतका ओळखीचा होता. ती मुले आता आजोबा-आजी झाली आहेत. त्यांना वेताळाचा घोडा आठवतो, लांडगा आठवतो, कवटीची गुहा आठवते. परंतु ज्यांच्यामुळे वेताळाला वेताळ व्हावे लागले, ते खलनायक कोण होते, कोठून आले, हे विचारले तर बहुतेकांना आठवून पाहावे लागेल.

नायकाच्या जन्मकथा आपण आवडीने ऐकतो. खलनायकाची जन्मकथा ऐकण्याची तसदी फारसे कुणी घेत नाही. मला मात्र वाटते, की नीतीचा विचार करणाऱ्याने खलनायकाच्या जन्माकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. खलनायकाला नाव कोण देतो? ते नाव कोणाचे असते? आणि ज्याचे नाव आपण दुष्टाईसाठी वापरतो, त्याचे आपण काही देणे लागतो का? हे प्रश्न लहान मुलांच्या पुस्तकातून निघाले म्हणून लहान ठरत नाहीत.

वेताळाची मूळ कथा अमेरिकेतली. ली फॉक या लेखकाने 'फँटम' या नावाने ती लिहिली आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून ती तिकडच्या वृत्तपत्रांतून रोज थोडी थोडी प्रसिद्ध होऊ लागली. कथेचा आरंभ चारशे वर्षे मागे, १५३६ सालात नेलेला आहे. दूरच्या समुद्रात एका जहाजावर चाचे हल्ला करतात. कप्तान मारला जातो. त्याचा तरुण मुलगा तेवढा वाचतो आणि लाटांबरोबर एका अनोळखी किनाऱ्याला लागतो. तेथील वनवासी त्याला आश्रय देतात. पुढे बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन तो शपथ वाहतो, की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या नाशासाठी मी आयुष्य वेचीन आणि माझ्यामागून माझे वंशजही वेचतील. या चाच्यांच्या टोळीला फॉकने नाव दिले 'सिंग ब्रदरहुड', म्हणजे सिंग बंधुसंघ. मालिकेतली पहिली कथा याच टोळीची आहे आणि तिच्या म्होरक्याचे नाव कबाई सिंग.

फॉक तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पूर्वेकडच्या देशांत भटकून आलेला अनुभवी प्रवासी अशी त्याची ओळख त्या काळी करून दिली जाई. प्रत्यक्षात १९३४ मध्ये आपली पहिली चित्रकथा विकायला तो न्यूयॉर्कला गेला, तोच त्याचा घरापासूनचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास होता. त्याने हे नाव द्वेषाने निवडले असे म्हणायला आधार नाही. त्याच्या कथेतल्या चाच्यांचा शीख धर्माशीही काही संबंध नाही. त्याला दूरच्या समुद्रातले, वाचकाला परके वाटेल असे एक नाव हवे होते. ते त्याने उचलले आणि टोळीला चिकटवले. ते नाव धारण करणारी जिवंत माणसे जगात आहेत, हा विचार त्या क्षणी आड आला नसावा.

हे नाव आपल्याला, विशेषतः मराठवाड्यात राहणाऱ्यांना, परके नाही. नांदेडच्या रस्त्यावर ते रोज कानांवर पडते. सिंह या शब्दावरून आलेले हे नाव रजपुतांत आणि इतर अनेक समाजांत पूर्वीपासून होते. पण त्याला जो नैतिक अर्थ आला, तो १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर येथे. गुरू गोविंदसिंगांनी त्या दिवशी जमलेल्या समुदायाकडे धर्मासाठी मस्तक मागितले, तेव्हा पाच जण एकामागून एक उभे राहिले. लाहोरचा खत्री, हस्तिनापूरचा जाट, द्वारकेचा शिंपी, जगन्नाथपुरीचा पाणक्या आणि बिदरचा न्हावी. बिदर म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्याला लागून असलेला मुलूख. उदगीरच्या माणसाला ते शेजारचे गाव. या पाचही जणांना गुरूंनी एकाच पात्रातून अमृत पाजले आणि एकच नाव दिले, सिंग. मग स्वतः त्यांच्यापुढे हात जोडून त्यांच्याकडून तीच दीक्षा घेतली. ज्या समाजात आडनावावरून माणसाची पायरी ठरत असे, तेथे सर्वांना एक नाव देऊन पायऱ्याच काढून टाकण्याचा हा प्रयत्न होता. १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेड येथेच गुरूंनी देह ठेवला. तेथे उभे असलेले तख्त सचखंड श्री हुजूर साहिब आज साऱ्या शीख जगताचे तीर्थ आहे. ज्या गुरू ग्रंथसाहिबापुढे तेथे मस्तके नमतात, त्यात आपल्या संत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. आनंदपूरला ते नाव अशासाठी दिले गेले, की जन्मावरून माणसाची किंमत होऊ नये. अमेरिकेतल्या त्या चित्रकथेत तेच नाव अशा टोळीला मिळाले, की जिच्यात दुष्टपणा बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने जातो. वेताळाचा मुलगा वेताळ, म्हणजे सज्जन. आणि सिंग चाच्याचा मुलगा चाचा, म्हणजे दुर्जन. चार शतके हे दोन वंश एकमेकांसमोर उभे आहेत. एकाही पिढीत चाच्याच्या पोराला पश्चात्तापाची संधी दिलेली दिसत नाही, कारण कथेचे गाडे त्याच्या दुष्टपणावर चालते.

ही चित्रकथा भारतात आली तेव्हा येथील संपादकांपुढे अडचण उभी राहिली. भारतीय मुलांच्या हाती असे नाव द्यायचे कसे? त्यांनी 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' चाचे केले. वेताळाचा देश मुळात 'बंगाली' होता, त्याचे 'डेंकाली' झाले. वेताळाच्या पित्याला ठार मारणाऱ्या एका खलनायकाचे नाव फॉकने 'रामा' ठेवले होते, त्याचे 'रामालू' करण्यात आले. कोट्यवधी लोक ज्या नावाने ईश्वराला हाक मारतात, ते नाव तिकडे एका खुन्याला सहज देऊन टाकले होते. पुढे १९९६ मध्ये हॉलिवूडने या कथेवर चित्रपट काढला, तेव्हा त्यांनीही अक्षर बदलून 'सेंग' असे केले.

कोणी म्हणेल, एका अक्षराच्या फरकाने काय साधले? माझ्या मते त्या फरकाने एक मोठी गोष्ट उघड झाली. नावे बदलली आणि कथेचे काहीही बिघडले नाही. सिंगा चाचे तितकेच क्रूर वाटले, रामालू तितकाच कपटी वाटला, मुलांच्या अंगावर तितकाच काटा आला. याचा अर्थ असा, की त्या दुष्टाईला त्या नावाची गरज कधीच नव्हती. नाव तिचे नव्हतेच. ते दुसऱ्याच्या दारातून उचलून आणलेले होते.

येथे आपल्याला हिप्पोच्या संत ऑगस्टीनकडे वळावे लागते. ऑगस्टीन (३५४-४३०) तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानी पंथाच्या प्रभावाखाली होता. त्या पंथाचे म्हणणे असे, की जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन स्वतंत्र सत्ता आहेत आणि त्यांचे अखंड युद्ध चालू आहे. हे तत्त्वज्ञान सोयीचे असते. ते आपल्याला सांगते, की वाईट कोठेतरी बाहेर आहे, ते एका वेगळ्या मुळातून उगवते आणि आपण दुसऱ्या बाजूचे आहोत. ऑगस्टीनला पुढे यातील फोलपणा कळला. त्याने मांडले, की दुष्टाईला स्वतःचे असे अस्तित्व नाही. ती चांगल्याचा अभाव आहे, चांगल्याला लागलेली कीड आहे. ईश्वराने निर्माण केलेले सर्व काही चांगले आहे. कीड लागायलासुद्धा आधी फळ असावे लागते. संत थॉमस अक्वायनसनेही हाच विचार पुढे नेला आणि ख्रिस्तसभेने तो आपलासा केला.

ज्याला स्वतःचे अस्तित्व नाही, त्याला स्वतःचा चेहरा कोठून असणार? म्हणून दुष्टाईला चित्रात आणायचे झाले, की चेहरा उसना घ्यावा लागतो. हा चेहरा कोणाकडून घेतला जातो, ते पाहण्यासारखे आहे. आपल्या आरशातून तो सहसा घेतला जात नाही. जो दूर आहे, ज्याची भाषा आपल्याला येत नाही, जो येऊन तक्रार करणार नाही, त्याचा तो घेतला जातो. १९१३ मध्ये इंग्लंडात सॅक्स रोमरच्या कादंबरीतून डॉक्टर फू मांचू वाचकांपुढे आला आणि कारस्थानी खलनायकाला चिनी चेहरा मिळाला. १९३४ मध्ये फ्लॅश गॉर्डनच्या चित्रकथेत परग्रहावरचा जुलमी सम्राट आला. परग्रहावरचा असूनही त्याचे नाव मिंग आणि मिशा पौर्वात्य! पृथ्वी सोडून गेले तरी खलनायक आशियातलाच लागला. दोन वर्षांनी सिंग चाचे आले, ते याच वाटेने.

ही भूक केवळ कथालेखकांची नाही. वाईट घडले की आपल्यालाही एक नाव हवे असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावेच्या गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. आठ ते दहा हजारांच्या घरात माणसे दगावली. जमिनीच्या पोटातल्या खडकाला भेग पडली, इतकेच त्याचे कारण. तरीही, हे कोणाचे पाप, असा प्रश्न तेव्हा कितीतरी ओठांवर होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही प्रभू येशूभोवतीच्या लोकांच्या मनात हेच होते. प्रभूने त्यांना स्पष्ट सांगितले, की मेलेले लोक इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते. तुम्ही स्वतःच्या पश्चात्तापाकडे पाहा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. यहेज्केल संदेष्ट्याने त्याच्याही कित्येक शतके आधी बजावले होते, की बापाच्या अपराधाचा भार मुलावर नाही.

मुलावर तो भार टाकला तर काय होते, हे पाहायला आपल्याला चित्रकथेकडे जाण्याचे कारण नाही. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती देशभर वाढत गेली आणि निजामाच्या हैदराबाद राज्यातही तसा कायदा होता. काही जमातींत जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार, असे या कायद्याने गृहीत धरले. माणसांची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची, परवानगीवाचून गाव सोडू द्यायचे नाही, असा तो कारभार. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या यादीतून मुक्त झाल्या आणि त्यांना 'विमुक्त' असे नाव मिळाले. कागद बदलला, पण लोकांच्या मनातली यादी इतक्या लवकर पुसली गेली नाही. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये 'उचल्या' हे आत्मकथन लिहिले. त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाचे नाव म्हणजे त्यांच्या जमातीच्या कपाळावर समाजाने मारलेला शिक्काच. ज्या पोराने अजून काहीच केलेले नाही, त्याच्याकडे चोर म्हणून पाहिले जाते, तेव्हा त्याच्या वाट्याला काय येते, हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी ते पुस्तक वाचावे. चित्रकथेतल्या चाच्याचे पोर कागदावरचे असते. लातूर जिल्ह्यातले पोर हाडामांसाचे होते. पण दोघांवरचा शिक्का एकाच टाकसाळीत तयार झाला होता.

याच 'इंद्रजाल'मध्ये १९७६ मध्ये एक देशी नायक आला, 'बहादूर'. आबिद सुरती यांनी तो निर्माण केला. बहादूर हा भैरवसिंह नावाच्या डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या हातून मारला जातो आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो मेला, तोच या पोराला घरी नेऊन वाढवतो. आधी मुलाच्या मनात सूडाची आग असते. पुढे बापाची कृत्ये त्याला कळतात आणि तो डाकूंपासून गावांचे रक्षण करणारा तरुण होतो. येथेही खलनायकाच्या नावात 'सिंह' आहे, हे लक्षात घ्या. परंतु येथे बाप डाकू आहे तो त्याच्या कृत्यांमुळे आणि मुलगा त्या वाटेने जात नाही तो स्वतःच्या निवडीमुळे. रक्ताने काही ठरले नाही. मला ही कथा वेताळाच्या शपथेपेक्षा शुभवर्तमानाच्या अधिक जवळची वाटते. संत मत्तयने येशूची वंशावळ लिहिताना राहाब गाळली नाही आणि उरियाची पत्नी असा उल्लेख करून दावीद राजाचे पापही झाकले नाही. तारणारा आला तो अशा घराण्यातून. निष्कलंक वंश शोधून तो उतरला नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. हिंदी चित्रपटांत कित्येक वर्षे तस्कराच्या साथीदाराचे नाव रॉबर्ट किंवा पीटर असे आणि त्याच्या अड्ड्यावर नाचणारी मुलगी रोझी नाहीतर लिली असे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त सोन्याची तस्करी करणाऱ्या एका खलनायकाचे नाव रॉबर्टच आहे. आपल्या मुली नोकरीसाठी, शिक्षणासाठी शहरात गेल्या, तेव्हा पडद्यावरच्या रोझीची सावली त्यांच्यामागून गेली. आपण दुखावलो आणि ते दुखणे खरे होते. ज्याचे नाव उसने घेतले जाते, त्याला कसे वाटते, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

म्हणूनच आपण स्वतः कोणाचे नाव उसने घेतले, हेही आपल्यालाच आठवले पाहिजे. प्रभूचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याचे नाव यहूदा. एका माणसाच्या कृत्यावरून ख्रिस्ती जगाने शतकानुशतके एका संपूर्ण लोकसमूहाला देवघातकी ठरवले. दुःखसहनाच्या नाटकांतून, चित्रांतून, प्रवचनांतून यहुदी माणसाला खलनायकाचा चेहरा दिला गेला आणि त्याची किंमत खऱ्या माणसांनी खऱ्या रक्ताने मोजली. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुदी लोकांसाठी वापरले जाणारे अवमानकारक विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट टाकता येणार नाही आणि आजच्या यहुद्यांवर तर नाहीच. त्यासाठी ख्रिस्तसभेला एकोणीसशे वर्षे लागली. तेथे बदलला गेला तो शब्दही एखाद्या संपादकाने बदललेल्या अक्षरासारखाच छोटा होता.

आणि यातली वेदना पवित्र शास्त्रातच एका ठिकाणी अगदी बारीक अक्षरांत दिसते. प्रभूच्या बारा प्रेषितांत यहूदा नावाचे दोघे होते. त्यांतला दुसरा म्हणजे ज्यांची आपण संत ज्यूड म्हणून भक्ती करतो, निराश झालेल्यांचे कैवारी. संत योहानाने शेवटच्या भोजनप्रसंगी त्यांचा एक प्रश्न नोंदवला आहे. तो नोंदवताना त्यांचे नाव लिहून लगेच खुलासा करावा लागला, की हा इस्कर्योत नव्हे. बिचाऱ्या सज्जन माणसाला साधा प्रश्न विचारतानाही आपण तो नव्हे असे सांगावे लागते! जगातले किती लोक रोज असा खुलासा करत जगत असतील? १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या दोन अंगरक्षकांनी केली. त्यानंतरच्या दिवसांत एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्याप्रमाणेच, २,७३३ शीख मारले गेले. त्यांना खुलासा करायलाही कोणी अवधी दिला नाही. चित्रकथेतल्या एका नावामुळे ते घडले असे मी म्हणत नाही. परंतु काही जणांचा अपराध त्यांचे नाव धारण करणाऱ्या सर्वांचा अपराध मानण्याची सवय मनाला कोठे तरी लागलेली असावी लागते. ती सवय लहानपणापासून, हसतखेळत, गोष्टींतूनही लागू शकते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. खलनायकावाचून कथा होत नाही. मुलांना बऱ्यावाइटाची ओळख कथेतूनच होते. खलनायकाला काहीतरी नाव द्यावेच लागणार आणि कोणतेही नाव दिले तरी ते कोणाचे ना कोणाचे असणारच. मग लेखकांनी लिहिणेच थांबवावे काय?

मुळीच नाही. दुष्टाई दाखवलीच पाहिजे. ती न दाखवणारे वाङ्मय मुलांना दुबळे करते. प्रश्न आहे तो, ती दाखवून झाल्यावर ऐकणाऱ्याचे बोट कोणाकडे वळते, हा. पवित्र शास्त्रातले कथाकार याबाबतीत फार सावध होते. दावीद राजाने उरियाची बायको घेतली आणि उरियाला मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाकडे एकच कोकरी होती. गावातल्या श्रीमंताने पाहुण्याच्या जेवणासाठी आपल्या कळपाला हात न लावता ती गरिबाची कोकरी कापली. या श्रीमंताला नाथानने नाव दिले नाही, गाव दिले नाही, जात दिली नाही. त्यामुळे दावीदाला आपला संताप काढायला कोणी परका सापडला नाही. तो त्या श्रीमंतावर भडकला आणि मग नाथानने त्याला सांगितले, की तो माणूस तूच आहेस. नाथानने त्या श्रीमंताला एखाद्या शत्रुराष्ट्राचे नाव दिले असते, तर राजाने कदाचित सैन्य पाठवले असते. पश्चात्ताप केला नसता.

प्रभू येशूच्या दृष्टान्तांतही हेच आढळते. धनवान आणि लाजर यांच्या गोष्टीत गरिबाला नाव आहे आणि धनवानाला नाही. आणि चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तर प्रभूने ऐकणाऱ्यांच्या अपेक्षा उलट्याच केल्या. शोमरोनी हा त्या काळच्या यहुदी श्रोत्यांचा ठरलेला खलनायक, त्यांच्या बोलण्यातले 'सिंग चाचे' म्हणा. वाटेत जखमी पडलेल्याला चुकवून पुढे जाणारे दोघे श्रोत्यांच्या आपल्याच माणसांपैकी, तेही धर्माधिकारी. जखमा बांधणारा मात्र शोमरोनी! प्रभूने दुष्टाई झाकली नाही. ती त्याने श्रोत्यांच्या अंगणात आणून ठेवली आणि ज्याचे नाव ते शिवीसारखे वापरत होते, त्याला त्याची अब्रू परत दिली. याच प्रभूला पुढे विरोधकांनी, तू शोमरोनी आहेस, असे हिणवले. शेवटी दोन गुन्हेगारांच्या मध्ये त्याला क्रूसावर खिळले. खलनायकाचे नाव त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. ते झटकण्यासाठी दुसऱ्याच्या अंगावर फेकले नाही.

आता 'इंद्रजाल' नाही. पण मुलांच्या हातातल्या पडद्यावर त्याहून कितीतरी अधिक वेताळ आणि त्याहून अधिक चाचे येतात. ते सर्व बंद करणे आईबापांच्या हाती नाही आणि सर्व बंद करावे असेही नाही. कौटुंबिक प्रार्थनेनंतर, जेवताना, एखादा प्रश्न मात्र विचारता येईल. आज पाहिलेल्या गोष्टीत वाईट कोण होते? ते वाईट कशामुळे ठरले, त्यांनी जे केले त्यामुळे, की ते जे होते त्यामुळे? त्यांचे नाव बदलून आपल्यापैकी कोणाचे घातले, तर गोष्ट तशीच राहील का? मुले आपण समजतो त्याहून शहाणी असतात. त्यांना उत्तर सापडेल. नांदेडच्या मुलाला तर त्यासाठी लांब जाण्याचेही कारण नाही. गुरुद्वाराच्या लंगरात पंगतीला बसले की पानात पोळी वाढणारा हात कोणाचे आडनाव विचारून वाढत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

आणि आपण मोठ्यांनी दर रविवारी मिस्साबलिदानाच्या प्रारंभी जे करतो, त्याचा अर्थ सावकाश ध्यानी घ्यावा. वेदीजवळ जाण्यापूर्वी पापाची कबुली द्यायची असते. त्या कबुलीत कोणत्याही शेजाऱ्याचे, जातीचे, देशाचे नाव नसते. त्या वेळी आपला हात समोरच्याकडे जात नाही. तो आपल्याच छातीवर येतो. दुष्टाईला एखादा चेहरा द्यायचाच झाला, तर कोणाचा द्यायचा, हे त्या हाताने आपल्याला कधीच सांगून ठेवले आहे.